मासा मादीचा नर होतो तेव्हा अंगात नेमकं काय होतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्लाउनफिशवर एक छोटी चौकट दिली होती. त्यात एवढंच होतं की जोडीतली मादी मेली की तिच्यासोबतचा नर स्वतःच मादी होतो आणि हे हार्मोनमुळे होतं. त्या दोन ओळींवर शहादा, चोपडा, रावेर, भुसावळ, नवापूर असं सगळीकडून इतकं विचारणं आलं की या महिन्याचं सदर पूर्ण यालाच दिलंय. पत्रं वाचताना एक जाणवलं, बऱ्याच जणांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात: निसर्गात काही मासे आपणहून लिंग बदलतात ते, हॅचरीत पिल्लांना खाद्यातून हार्मोन देऊन नर करतात ते, आणि माशांनी अंडी सोडावीत म्हणून इंजेक्शन देतात ते. हार्मोन तिन्हीकडे आहे पण काम प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, म्हणून उत्तर वाचताना बोलणं कशाबद्दल चाललंय तेवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न: ताई, मी भुसावळला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवलंय की नर का मादी हे क्रोमोसोमवर ठरतं. मग अंडी घालून झालेला, पूर्ण वाढलेला मासा नर कसा होतो? त्याचे क्रोमोसोम बदलतात का? आणि हार्मोन बदलतात असं म्हणतात, पण हार्मोनना कोण सांगतं की आता बदला?

उत्तर: तुझा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे, त्याच्याकडे येतेच. आधी क्रोमोसोमचं. ते बदलत नाहीत. नवीन जनुक येत नाही, जुनं जात नाही, फक्त कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद हे बदलतं.

ज्या माशावर सगळ्यात खोल अभ्यास झालाय तो कॅरिबियन समुद्रातला ब्लूहेड रास. लहान पिवळे मासे, त्यांच्यात एक मोठा निळ्या डोक्याचा नर, आणि त्याच्या भागात बऱ्याच माद्या. तो नर काढून घेतला की त्या माद्यांमधली सगळ्यात मोठी जी असते ती काही मिनिटांत ते काही तासांत नरासारखी वागायला लागते, दुसऱ्यांना हाकलते, माद्यांभोवती फिरते. पुढच्या दिवसांत रंग बदलायला लागतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत तिच्या अंडाशयाच्या जागी शुक्राणू तयार करणारं वृषण असतं. म्हणजे कालपर्यंत जी आई होती ती आता बाप होऊ शकते.

आता आतलं बघू. माशाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नर-मादी दोघांतही तयार होतं. मादीत अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम त्याचं एस्ट्राडिओल करतं, हे मादीचं मुख्य हार्मोन. नरात दुसरी एन्झाइमं त्याच टेस्टोस्टेरॉनपासून ११-कीटोटेस्टोस्टेरॉन बनवतात आणि माशांमध्ये नराचं खरं जोरदार हार्मोन हेच आहे, आपल्यासारखं साधं टेस्टोस्टेरॉन नाही. हतनूरच्या कालव्याची पाटचारी डोळ्यासमोर आण: पाणी एकच येतंय, गेट कुठलं उघडं त्यावर कुठलं शेत भिजणार ते ठरतं. अ‍ॅरोमटेज हे ते गेट. ब्लूहेडमध्ये नर गेला की पहिल्यांदा हे गेट बंद व्हायला लागतं, एस्ट्राडिओल झपाट्याने खाली येतं, अंडाशयातल्या पेशी मरायला लागतात, आणि मग ११-कीटोटेस्टोस्टेरॉन वाढत जातं. क्रम लक्षात ठेव हं, परीक्षेत कोणी विचारो न विचारो. आधी मादीपण टिकवणारं हार्मोन पडतं, नरपण नंतर उभं राहतं. म्हणूनच अशा माशांना अ‍ॅरोमटेज रोखणारं औषध दिलं तर समोर नर असतानाही माद्या नर व्हायला लागतात.

आता, सांगतं कोण? मेंदू. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्लूहेडच्या माद्यांची अंडाशयं शस्त्रक्रियेने काढून टाकली होती, तरी नर नाहीसा झाल्यावर त्या नरासारख्या वागल्या. म्हणजे वागणं बदलायला अंडाशयातल्या हार्मोनची वाटच बघावी लागत नाही. डोळ्यांनी दिसतं की वरचा नर आता नाही, मेंदूत व्हॅसोटोसिनसारखी रसायनं बदलतात, हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाचा भाग) त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं आणि पिट्युटरीचे हार्मोन खाली अंडाशयापर्यंत पोचतात. यात कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचाही हात आहे असं दिसतंय आणि मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. जे एन्झाइम जास्तीचं कॉर्टिसॉल निकामी करतं तेच एन्झाइम ११-कीटोटेस्टोस्टेरॉन बनवण्याची शेवटची पायरीही करतं. त्यामुळे गटात उलथापालथ झाली, कॉर्टिसॉल चढलं, त्याला आवरायला ते एन्झाइम वाढलं, की सोबत नराचं हार्मोनही वाढतं. दुसरीकडे कॉर्टिसॉल अ‍ॅरोमटेजला दाबतं ते वेगळंच. थ्रीस्पॉट रास नावाच्या माशाच्या माद्यांना नुसतं कॉर्टिसॉल देऊन त्यांचं लिंग बदलल्याचं जपानमध्ये दिसलंय. २०१९ मध्ये ब्लूहेडच्या जनुकांचा जो मोठा अभ्यास छापून आला त्यातही ताणाची जनुकं अगदी सुरुवातीला जागी झालेली दिसली, आणि डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद ते ठरवणाऱ्या रासायनिक खुणा, पुसून नव्या घातल्या जातात हेही दिसलं. जनुकं तीच, खुणा नव्या.

क्लाउनफिशमध्ये गाडी उलटी जाते. तिथं सगळ्यात मोठी मादी, तिच्या खालोखाल एक नर, बाकीचे लहान आणि वयात न आलेले. मादी गेली की नराचं ११-कीटोटेस्टोस्टेरॉन उतरतं, अ‍ॅरोमटेज आणि एस्ट्राडिओल चढतं. त्याच्या अंगात वृषणासोबत अंडाशयाचा भाग आधीपासून झोपलेला असतो तो वाढतो. पण हे सावकाश, महिनोन्महिने चालतं, आणि मेंदू मादीसारखा झाला तरी खाली वृषण अजून तसंच असतं असंही आढळलंय. हे मासे आपल्याच देशात लक्षद्वीप आणि अंदमानला आहेत. काही छोटे गोबी मासे तर दोन्ही दिशांनी जातात, मादीचा नर आणि गरज पडली तर परत मादी.

असं करणाऱ्या माशांच्या सुमारे ५०० जाती माहीत आहेत. का करतात याचा साधा हिशोब १९६९ मध्ये घिसेलिन यांनी मांडला: ज्या जातीत मोठा नर बऱ्याच माद्या राखू शकतो तिथं लहानपणी मादी आणि मोठेपणी नर होणं फायद्याचं, आणि जिथं जोडी एकाची एक असते तिथं मोठ्या अंगात अंडी जास्त मावतात म्हणून मोठेपणी मादी होणं फायद्याचं.

प्रश्न: ताई, मग माणसात असं का होत नाही? आपल्यातही तेच हार्मोन आहेत ना? (अमळनेर, बारावी सायन्स)

उत्तर: हार्मोन जवळपास तेच आहेत, पण सस्तन प्राण्यांत पोटात असतानाच वृषण का अंडाशय हे ठरतं, त्यावरून नळ्या आणि बाहेरचे अवयव घडतात, आणि ती बांधणी नंतर मोडून परत होत नाही. माशांचं काम त्या मानाने सोपं आहे, बहुतेकांची अंडी आणि शुक्राणू पाण्यातच एकत्र येतात, गर्भाशय वगैरे काही लागत नाही.

तरी एक गोष्ट तुला आवडेल. २००९ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, पूर्ण वाढलेल्या माद्यांच्या अंडाशयात फॉक्सएल-टू नावाचं एकच जनुक बंद केलं तर तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या व्हायला लागल्या. २०११ मध्ये नर उंदरांत डीएमआरटी-वन बंद केल्यावर उलटं घडलं. म्हणजे आपल्याही कुळात अंडाशय अंडाशय म्हणून राहतं ते कोणीतरी आयुष्यभर त्याला राखतंय म्हणून. हीच दोन जनुकं लिंग बदलणाऱ्या माशातही वरखाली होतात. माणूस स्वतःला पुरुष समजतो का स्त्री का आणखी काही, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, तो माशांच्या उदाहरणावरून कोणाला शिकवायला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: ताई नमस्कार. शहादा तालुक्यात माझं कागद टाकलेलं शेततळं आहे. कापसाला पाणी देऊन उरतं त्यात चिलापी टाकायचं म्हणतोय. बीवाला सांगतो मोनोसेक्स बी आहे, हार्मोन खाऊ घालून सगळे नर केलेत. गावातले म्हणतात दोन-तीन महिन्यांत ते परत मादी होतात आन तळं पिल्लांनी भरून जातं. हाई खरं शे का? आणि सगळे नरच कशाला पाहिजेत?

उत्तर: भाऊ, आधी नर कशाला ते सांगते. चिलापी म्हणजे तिलापिया तीन-चार महिन्यांची झाली की अंडी घालायला लागते, आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते, तेवढे दिवस ती खात नाही म्हणजे वाढतही नाही. तळ्यात नर-मादी दोन्ही असले की पिल्लं, पिल्लांची पिल्लं, खाद्य सगळ्यांत वाटलं जातं आणि शेवटी जाळ्यात तळहाताएवढे मासे येतात ज्यांना बाजारात भाव नाही. नर एकटे असले तर जोमाने वाढतात. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता करतात कसं. चिलापीच्या पिल्लाचं क्रोमोसोमवरून नर-मादी ठरलेलं असतं, पण अंडाशय का वृषण हे प्रत्यक्ष घडायला जन्मानंतर थोडे दिवस जातात. त्याच दिवसांत, म्हणजे पिल्लू पहिल्यांदा खायला लागतं तेव्हापासून, त्याच्या खाद्यात मिथाइलटेस्टोस्टेरॉन, म्हणजे कारखान्यात बनवलेलं नराचं हार्मोन, मिसळतात. नेहमीचं प्रमाण एक किलो खाद्याला ६० मिलिग्रॅम आणि मुदत २१ ते २८ दिवस. हार्मोन अल्कोहोलमध्ये विरघळवून खाद्यावर फवारतात, सावलीत वाळवतात, आणि दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं टाकतात. जी पिल्लं मादी होणार होती त्यांच्यात अंडाशय घडायच्या ऐवजी वृषण घडतं. एकदा घडलं की ते टिकतं, हार्मोन बंद केल्यावर परत मादी होत नाही. म्हणजे गावातलं ऐकलं ते बरोबर नाही.

पण तळं पिल्लांनी भरतं हे त्यांनी पाहिलेलं खोटं नाही, कारण वेगळं आहे. उपचार नीट केला तरी ९५ टक्क्यांच्या वर नर मिळतात, शंभर टक्के धरून चालू नका. तुम्ही हजार बोटुकली टाकली तर त्यात ३०-५० माद्या निघू शकतात, आणि तेवढ्या पुरतात. शिवाय हॅचरीवाल्याने वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकत्र केली असतील, म्हणजे काहींचं अंडाशय आधीच घडून गेलं असेल, तर त्या माद्याच राहतात, मग कितीही हार्मोन खाऊ घाला. म्हणून बी घेताना पिल्लं एकसारख्या आकाराची आहेत का बघा, हार्मोन किती दिवस दिलं ते विचारा, आणि जो माणूस शंभर टक्के नर म्हणून छातीठोक सांगतो त्याच्यापासून जरा जपून राहा.

मासे तीस-चाळीस ग्रॅमचे झाले की स्वतः तपासता येतं. मासा उताणा धरा, शेपटीकडच्या बाजूला गुदद्वाराच्या मागे बघा. नराला गुदद्वार सोडून एकच छिद्र असतं, टोकाला. मादीला त्या टोकावरचं बारीक छिद्र आणि मध्ये एक आडवी चीर, म्हणजे गुदद्वार धरून नराला दोन आणि मादीला तीन. दिसत नसेल तर तिथं खाण्याच्या रंगाचा एक थेंब लावा, चीर उठून दिसते. वेळ लागतो पण माद्या वेगळ्या काढल्या तर पुढचा त्रास वाचतो.

बिनहार्मोनचाही एक मार्ग आहे, तो थोडा लांबचा आहे. क्रोमोसोम बघितले तर चिलापीची मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय. नर होणाऱ्या, म्हणजे एक्सवाय पिल्लांना आधी एस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन देऊन मादी करायचं, तिचं साध्या नराशी मीलन घडवायचं, त्यातून काही पिल्लं वायवाय निघतात. असा वायवाय नर साध्या मादीबरोबर सोडला की सगळी पिल्लं जन्मतःच एक्सवाय, म्हणजे नर. बाजारात जाणाऱ्या माशाला हार्मोनचा थेंबही लागलेला नसतो. यात दोन-तीन पिढ्यांचं काम आहे, ते मोठ्या केंद्रांनीच करावं.

आणखी एक, हे टाळू नका. चिलापी बाहेरून आलेला मासा आहे, भारतात पहिल्यांदा १९५२ मध्ये आणला. तो पाळायला परवानगी लागते, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आणि तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावाच, पावसाळ्यात पाणी फुटून हे मासे गोमाई-तापीत गेले तर तिथल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही घेतात.

प्रश्न: ताई, चोपड्याहून लिहितेय. बाजारात मिळणारे असे मासे मुलांना खाऊ घालायला भीती वाटते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. त्या हार्मोनचा तिच्यावर परिणाम होईल का?

उत्तर: तुमची काळजी समजते ताई, मुलांच्या बाबतीत विचारलेलंच बरं. हार्मोन देतात तेव्हा पिल्लू एक ग्रॅमचंही नसतं, आणि तीन-चार आठवड्यांनी बंद करतात. त्यानंतर तो मासा पाच-सहा महिने साधं खाद्य खाऊन चारशे-पाचशे ग्रॅमचा होतो तेव्हा बाजारात येतो. दिलेलं मिथाइलटेस्टोस्टेरॉन माशाचं यकृत मोडतं आणि ते बाहेर टाकलं जातं, खाद्य बंद केल्यावर लवकरच त्याचं प्रमाण अगदी खाली येतं, वेगवेगळ्या देशांत तपासून पाहिलंय. पूर्ण वाढ झालेल्या माशातून ते ताटात येण्याचा धोका मला वाटत नाही. मुलीला मासे द्या, त्यातलं प्रोटीन तिला हवंच आहे.

मला काळजी खाणाऱ्यांपेक्षा मिसळणाऱ्यांची वाटते. हॅचरीत जो मुलगा उघड्या हाताने ती पावडर अल्कोहोलमध्ये ढवळतो, ज्या बाया ते खाद्य हाताने उलटंपालटं करून वाळवतात, त्यांच्या अंगात कातडीतून आणि श्वासातून हे जाऊ शकतं आणि तिथं प्रमाण पिल्लाच्या पोटातल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. हातमोजे, मास्क हे तिथं हवेतच, आणि गरोदर बाईने त्या कामाला हातसुद्धा लावू नये. तुमच्या ओळखीत कोणी अशा ठिकाणी कामाला असेल तर हे त्यांना नक्की सांगा. त्या टाक्यांचं पाणीही थेट नाल्यात सोडू नये, आधी वाळू-खडी आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यात मुरू द्यावं.

प्रश्न: आम्ही सारंगखेड्याकडचे, तापीवर जाळं टाकतो. सोसायटीचं मत्स्यबीज आणायला गेलो तेव्हा रोहू-कटल्याला इंजेक्शन देताना पाहिलं, म्हणे हार्मोनचं आहे. म्हणजे रोहूचंही नर-मादी बदलतात का?

उत्तर: नाही दादा, रोहू, कटला, मृगळ यांची मादी मादीच राहते. ते इंजेक्शन फक्त अंडी सोडायला लावणारं आहे. हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या, गढूळ पाण्यात अंडी सोडतात, तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात पण पिट्युटरी ग्रंथी शेवटचा इशारा देत नाही म्हणून ती बाहेर येत नाहीत. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी दुसऱ्या माशांची पिट्युटरी काढून, तिचा अर्क टोचून या माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली. त्याआधी बी म्हणजे नदीतून गोळा केलेलं, त्यात काय काय मिसळलेलं असायचं ते तुमच्या वडीलधाऱ्यांना माहीत असेल. तो दिवस १० जुलै, म्हणून त्या तारखेला देशात मत्स्यशेतकरी दिन असतो. आता ग्रंथीचा अर्क मागे पडत चाललाय, कारखान्यात बनवलेला हार्मोन मिळतो, तो पिट्युटरीला सांगतो की सोड, आणि हा इशारा अडवणारं मेंदूतलं रसायन म्हणजे डोपामाइन, ते थांबवणारं औषधही सोबत असतं. संध्याकाळी टोचलं की त्याच रात्री काम होतं. तुम्ही तापीत जे रोहू पकडता त्यांच्यात यामुळे काहीच बदललेलं नसतं.

प्रश्न: घरच्या टाकीत सोर्डटेलची मादी होती, आता तिला खाली तलवार फुटली. ती नर झाली का? (जळगाव)

उत्तर: बहुतेक ती मादी नव्हतीच. सोर्डटेलमध्ये काही नर फार उशिरा वयात येतात, तोपर्यंत दिसायला हुबेहूब मादी. मग अ‍ॅन्ड्रोजेन, म्हणजे नराचं हार्मोन, वाढलं की तलवार येते. जुन्या काळी यालाच लिंगबदल म्हणून लिहिलं गेलं होतं. तिने खरंच तुमच्यासमोर पिल्लं दिली असतील तर म्हातारपणी किंवा अंडाशय बिघडल्याने हार्मोन उलटे होऊन बाहेरून नराचं रूप येऊ शकतं, पण तेवढ्याने मासा बाप होत नाही.

प्रश्न: रावेरहून. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री जातं, केळीची पानं करपतात. उन्हाने मासे नर होतात असं वाचलं. मग चिलापीच्या पिल्लांना हार्मोन न देता उन्हातच ठेवलं तर?

उत्तर: वाचलं ते खरं आहे. तिलापियाच्या पिल्लांना सुरुवातीच्याच नाजूक दिवसांत, साधारण दहा दिवस तरी, ३६ डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात ठेवलं तर नरांचं प्रमाण वाढतं. गरमीने अ‍ॅरोमटेज दबतं. जपानी मेडाका माशात तर हे कॉर्टिसॉलमधून होतं असं दाखवलंय, म्हणजे वर भुसावळच्या मुलीला सांगितलेली तीच वाट, फक्त ताण नर गेल्याचा नाही, गरमीचा.

पण शेतात करायला जाऊ नका. हवा ४५ असली म्हणजे पाणी ४५ नसतं, ते दिवसा चढतं रात्री उतरतं, आणि पिल्लांना हवं असतं सतत एकसारखं तापमान. काही कुळांतल्या पिल्लांवर परिणाम खूप, काहींवर जवळपास नाही. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, नर व्हायच्या आधी पिल्लं मरतील. मोठे झालेले मासे उन्हाने बदलत नाहीत, त्यांच्यासाठी मे महिन्यात शेडनेट आणि एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) एवढं बघा.

प्रश्न: ताई, मी धुळ्यात शिक्षक आहे. सांडपाण्यामुळे नद्यांतले नर मासे मादी होत चाललेत हे कितपत खरं? पांझरेकडे बघून भीती वाटते.

उत्तर: सर, हे खरं आहे आणि निसर्गातल्या लिंगबदलापेक्षा पूर्ण वेगळं आहे. इंग्लंडच्या नद्यांत रोच नावाच्या माशाच्या नरांच्या वृषणात अंडपेशी सापडल्या, १९९८ मध्ये ते नीट छापून आलं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला हे जास्त होतं. कारण शहराच्या पाण्यात बायकांच्या शरीरातून नैसर्गिकपणे जाणारं एस्ट्रोजेन असतं, गर्भनिरोधक गोळ्यांतलं एथिनिलएस्ट्राडिओल असतं, काही डिटर्जंटचे अवशेषही तसंच काम करतात. असा मासा मादी होत नाही, तो अर्धवट अडकतो, आणि त्याची पिल्लं देण्याची ताकद कमी होते.

किती कमी प्रमाण पुरतं ते ऐका. कॅनडात ओंटारिओमध्ये एक अख्खा तलाव प्रयोगासाठी घेतला, त्यात तीन वर्षं एथिनिलएस्ट्राडिओल सोडलं, एका लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढंच. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रोटीन तयार व्हायला लागलं आणि फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशाची त्या तलावातली संख्या जवळजवळ संपली. २००७ मध्ये हे निष्कर्ष आले. हार्मोन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी ते मासे परत वाढले, ही त्यातली चांगली बातमी.

अमेरिकेत कागद कारखान्यांच्या खालच्या ओढ्यात उलटं दिसलं, गॅम्बुशियाच्या माद्यांना नरासारखा पर फुटलेला. हे तेच मासे जे डासांच्या अळ्या खायला सोडतात, आपण यांना सरसकट गप्पी म्हणतो. म्हणजे पाण्यात काय मिसळतंय त्यावर दिशा ठरते. पांझरा, गिरणा, वाघूर या नद्यांना उन्हाळ्यात मूळ प्रवाह फारसा उरत नाही, सांडपाणी पातळ करायला पाणीच नसतं, म्हणून आपल्याकडे शुद्धीकरण जास्तच गरजेचं आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना घेऊन नगरपालिकेला विचारायला जा, गावाचं किती पाणी शुद्ध होऊन नदीत जातं आणि किती तसंच. औषधाच्या जुन्या गोळ्या संडासात टाकू नयेत हेही मुलांना सांगता येईल.

प्रश्न: नवापूरला सुरतेकडून समुद्राचा मासा येतो. आम्ही खातो त्यातले कुठले मासे असे बदलणारे आहेत? (मासेविक्रेत्या ताई, नवापूर)

उत्तर: ताई, तुमच्या टोपलीत दोन नक्की असतील. एक जिताडा. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून खूप मोठा जिताडा सहसा मादी असतो. दुसरा हेकरू, त्याचं उलटं, आधी मादी आणि उतारवयात नर. आता विचार करा, सगळ्यांना मोठाच मासा पाहिजे, भावही त्यालाच. मोठे जिताडे संपले की अंडी देणाऱ्या संपल्या, मोठे हेकरू संपले की नर संपले. मेक्सिकोच्या आखातात गॅग नावाच्या हेकरूमध्ये नर १९७०च्या दशकात १७ टक्के होते ते पुढच्या वीसेक वर्षांत दोन टक्क्यांच्या आसपास आले.

हॅचरीवाल्यांची अडचणही हीच. हेकरूची पिल्लं करायची तर नर पाहिजे, आणि नर व्हायला बरीच वर्षं लागतात, म्हणून तरुण माद्यांना मिथाइलटेस्टोस्टेरॉन देऊन लवकर नर करतात. पण इथं चिलापीसारखं नाही. चिलापीत पिल्लाचं वृषण घडतानाच हार्मोन दिलं म्हणून ते टिकतं. हेकरूत मात्र आधी अंडाशय घडलेलं असतं, वरून दिलेल्या हार्मोनने ते दबतं, आणि हार्मोन बंद केलं की बऱ्याचदा मासा परत मादी होतो, कारण त्याच्या स्वतःच्या शरीराने अजून नर व्हायचं ठरवलेलं नसतं. म्हणून अशा नराचे शुक्राणू मिळाले की ते थंड करून साठवून ठेवतात, पुढच्या वेळी माद्या तयार असतील तेव्हा नर हाताशी असेलच असं नाही.

मोठा जिताडा चिरताना पोटात पिवळसर, दाणेदार गाभोळी दिसली तर ती मादी, आणि लहान जिताड्यात पांढरट, गुळगुळीत निघाली तर तो नर. दोन्ही एकाच दिवशी आले तर शेजारी ठेवून बघा, आणि गाभोळी असलेला मासा किती किलोचा होता ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.